ब्रेबॉर्न स्टेडियम

मुंबईच्या चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालू लागले, म्हणजे दोनचार मिनिटांतच ब्रेबॉर्न स्टेडियम लागते. भोवती इमारती इतक्या दाटून उभ्या आहेत, की आत एवढे विस्तीर्ण हिरवे मैदान असेल याची नवख्यास कल्पनाही येऊ नये. या मैदानाचे नाव हिंदुस्थानभर, ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही अशांच्याही कानांवरून गेलेले आहे. तेथे झालेल्या धावांचे आकडे जुन्या रसिकांना तोंडपाठ असत. परंतु या मैदानाचा इतिहास केवळ धावांचा नाही. आत बसावयास जागा कोणाला मिळावी आणि ती कोणी ठरवावी, हा प्रश्न या मैदानाच्या जन्मापासून त्याच्या पाठीस लागलेला आहे. धावांच्या नोंदीबरोबर या प्रश्नाची हकीकतही सांगितल्यावाचून ब्रेबॉर्नची कहाणी पुरी होत नाही.

ही कहाणी सुरू होते ब्रेबॉर्नच्या आधी, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. १८७५ साली स्थापन झालेली ही संस्था केवळ युरोपियनांची होती. हिंदी माणसास तिचे सभासदत्व नव्हते. तरी शहरातील मोठे सामने तेथेच होत. पारशी आणि युरोपियन यांच्या लढतींत १९०७ साली हिंदूंचा संघ सामील झाला, १९१२ साली मुसलमानांचा. आणि तिरंगी सामन्यांचे चौरंगी सामने झाले. पाहुण्या प्रेक्षकांसाठी मैदानाभोवती तंबू उभारीत. सभासदांची वास्तू मात्र सभासदांची राही.

बंद दारे केवळ साहेबांचीच होती असेही नाही. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा त्या संघात पळवणकर बाळू हा डावखुरा गोलंदाज होता. चांभार कुळात जन्मलेल्या या खेळाडूला, पुण्यात असताना, स्वतःच्याच संघातील गड्यांच्या पंक्तीस बसून चहा घेण्याची मुभा नव्हती. त्याचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात येई. चेंडू मात्र त्याच्याच हाती देण्यात येई, कारण गडी बाद करावयास त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. हिंदू संघाचे कर्णधार म्हणून बाळूची नेमणूक कधीच झाली नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी अजिंक्यपद मिळवले. मैदानावरील पराक्रमाने मंडपातली जागा मिळवावयास पळवणकरांच्या घराण्याला अशी कित्येक वर्षे लागली.

बॉम्बे जिमखान्यावरच १९२६ च्या डिसेंबरात नागपूरच्या सी. के. नायडूंनी गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. त्याच महिन्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी त्याच संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. हिंदुस्थानला कसोटी सामन्यांचा दर्जा मिळावा या मागणीस या दोन खेळींनी मोठे बळ आले. हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामनाही १९३३ च्या डिसेंबरात येथेच झाला. इंग्लंडचा कर्णधार होता डग्लस जार्डिन. आपले कर्णधार नायडू. सामना इंग्लंडने ९ गडी राखून जिंकला. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो लाला अमरनाथ. पहिल्याच कसोटीत त्याने ११८ धावा केल्या, आणि हिंदी खेळाडूचे ते पहिले कसोटी शतक ठरले. त्या संध्याकाळी प्रेक्षकांतील स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून त्याला दिले, असे सांगतात. जो उत्सव तंबूंतून आणि बाकांवरून साजरा झाला, त्याचे यजमानपद मात्र ज्या संस्थेकडे होते तिच्यात अमरनाथला सभासद होता आले नसते.

आपल्या मालकीचे मैदान हवे, ही इच्छा अशा वातावरणात मूळ धरू लागली. त्याच १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे मन अँथनी डिमेलो यांनी वळवले, आणि समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या नव्या जमिनीपैकी ९०,००० चौरस वार जागा, वाराला साडेतेरा रुपये या दराने, क्लबला मिळाली. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली. ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या पाहुण्या संघाशी झालेल्या सामन्याने मैदान खुले झाले. जेथे काही वर्षांपूर्वी भरतीच्या लाटा येत, तेथे दीड वर्षात खेळपट्टी आणि प्रेक्षागार उभे राहिले.

मैदान आपले झाले. परंतु जागांचा प्रश्न सुटला नाही. त्याच हंगामात ‘इतर’ म्हणून पाचवा संघ आला. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आदी खेळाडूंना त्यात वाव मिळाला, आणि चौरंगी सामने पंचरंगी झाले. परंतु नव्या प्रेक्षागारात आपल्या जिमखान्यास पुरेशा जागा दिल्या नाहीत, म्हणून पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून हिंदूंनी माघार घेतली! मैदान उघडून काही आठवडेच झाले होते, आणि पहिला बहिष्कार पडला तो आसनांवरून. या तक्रारीचा पुढचा अध्याय पस्तीसएक वर्षांनी लिहिला जावयाचा होता.

जातवारीने संघ पाडून खेळणे योग्य की अयोग्य, हा वाद तोवर पेटला होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी महात्मा गांधींचे मत विचारले, तेव्हा अशा सामन्यांना आपली संमती नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही सामने चालू राहिले आणि गर्दी वाढतच गेली. ज्यांना तिकीट मिळत नसे त्यांच्यासाठी बॉबी तल्यारखान यांचा आवाज रेडिओवरून घरोघर जाई. तास न् तास एकटेच वर्णन करीत राहण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती.

या स्पर्धेतील सर्वांत मोठी खेळी पराभूत संघाच्या खेळाडूची आहे. १९४३ सालचा अंतिम सामना हिंदू आणि ‘इतर’ यांच्यात झाला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५० होते. ‘इतर’ संघ १३३ धावांत आटोपला. त्यांतल्या ५९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाल्यावर सांगलीचे हे अबोल खेळाडू पुन्हा मैदानात उतरले. एका बाजूने साथीदार जात राहिले. त्यांचे बंधू विवेक मात्र उभे राहिले. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भर घातली, तीत विवेकचा वाटा अवघ्या २१ धावांचा होता. संघाच्या ३८७ धावांपैकी हजाऱ्यांच्या ३०९! तरीही ‘इतर’ एक डाव आणि ६१ धावांनी हरले. सामना हिंदूंनी जिंकला, पण घरी जाताना लोकांच्या ओठांवर नाव होते हजाऱ्यांचे. जातीच्या नावाने भरलेल्या प्रेक्षागाराने समोरच्या संघातील ख्रिस्ती फलंदाजास आपलेसे करावे, यापरते या स्पर्धेवरचे भाष्य दुसरे कोणते असेल? १९४६ च्या प्रारंभी संपलेल्या हंगामानंतर पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

त्यापूर्वी, १९४५ च्या मार्चमध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि होळकर यांनी मिळून २,०७८ धावा काढल्या. मुंबईच्या दुसऱ्या डावातच ७६४ झाल्या, त्यांत मर्चंट २७८. होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ काढूनही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. ब्रेबॉर्नची खेळपट्टी फलंदाजांची सखी म्हणून ओळखली जाऊ लागली ती अशा सामन्यांमुळे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या डिसेंबरात वेस्ट इंडिजच्या संघाविरुद्ध येथे पहिला कसोटी सामना झाला, आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याच मालिकेतील अखेरचा. विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. अखेरीस दत्तू फडकर ३७ धावांवर झुंजत होते. ८ बाद ३५५ झाल्या असता, षटकातील एक चेंडू शिल्लक असतानाच पंचांनी बेल्स उचलल्या. सहा धावा कमी पडल्या आणि पहिला कसोटी विजय हातचा निसटला. पुढे १९५२ साली पाकिस्तानचा, आणि १९५५ साली न्यूझीलंडचा पराभव येथे झाला. न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात विनू मंकडांनी २२३ धावा काढल्या.

परंतु ब्रेबॉर्नवरचा सर्वांत गोड दिवस कोणता, असे विचारले तर जुने लोक १५ ऑक्टोबर १९६४ हा दिवस सांगत. त्या दिवशी दसरा होता. ऑस्ट्रेलियावर विजय मिळवावयास २५४ धावांची गरज होती, आणि ६ बाद १२२ अशी अवस्था झाली होती. पतौडी आणि विजय मांजरेकर यांनी ९३ धावांची भर घालून डाव सावरला. पण तेही बाद झाले. ८ बाद २२४ असताना पुण्याच्या चंदू बोर्ड्यांबरोबर यष्टिरक्षक इंद्रजितसिंह उभे होते. बोर्ड्यांनी नाबाद ३० धावा करून २ गडी राखून सामना जिंकून दिला. सीमोल्लंघनाचा मुहूर्त यापेक्षा चांगला साधला नसता.

प्रेक्षागाराचा आनंद असा, तसा त्याचा रागही. १९६९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात वेंकटराघवनला झेलबाद ठरवणारा पंचांचा निर्णय लोकांना पटला नाही. बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या मोडल्या, आगी लागल्या. ज्या आसनांसाठी माणसे रात्र रात्र रांगेत उभी राहत, तीच त्यांनी जाळली.

आणि मग १९३७ सालचा जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. मैदान क्रिकेट क्लबच्या मालकीचे. शहरातील क्रिकेटचा कारभार मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे. शेकडो लहान क्लबांतून खेळाडू घडवणाऱ्या संघटनेस कसोटी सामन्याच्या वेळी किती जागा मिळाव्यात, यावर दोघांचे जुळेना. क्लबची बाजूही समजण्याजोगी होती: मैदान त्याने बांधले, राखले, आणि ज्या सभासदांच्या वर्गणीवर ते उभे होते त्यांचा हक्क पहिला. असोसिएशनचे म्हणणे असे, की खेळ शहराचा आहे, तेव्हा जागांवरही शहराचा हक्क हवा. तडजोड झाली नाही. १९७३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात विश्वनाथ आणि इंजिनियर यांनी शतके केली आणि ब्रेबॉर्नवरील सतरा कसोटी सामन्यांची मालिका तेथेच थांबली.

असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने, चर्चगेटच्या उत्तरेस, रेल्वेच्या रुळांलगत नवे स्टेडियम सुमारे तेरा महिन्यांत उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे अभिनंदन करावयास धावलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनी मारहाण केली, आणि नव्या प्रेक्षागारातही दंगल उसळली. मैदान बदलले, मालक बदलला. तरी कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा हा भेद एका रात्रीत मिटत नाही, याची ती खूण होती.

ब्रेबॉर्न ओस पडले नाही. १९९८ साली सचिन तेंडुलकरने मुंबईकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद २०४ धावा येथेच काढल्या. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी चालू असता, छत्तीस वर्षांच्या खंडानंतर २ डिसेंबर २००९ रोजी येथे पुन्हा कसोटी सामना सुरू झाला. श्रीलंकेविरुद्ध वीरेंद्र सेहवागने २९३ धावा केल्या, त्यांपैकी २८४ एकाच दिवसात. भारताने ९ बाद ७२६ धावांवर डाव सोडला, एक डाव आणि २४ धावांनी सामना जिंकला, आणि कसोटी क्रमवारीत प्रथमच अग्रस्थान मिळवले. आणि ३१ जानेवारी २०१३ रोजी, महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत, तिरुष कामिनीने वेस्ट इंडिजविरुद्ध याच मैदानावर १०० धावा काढल्या. त्या स्पर्धेत शतक करणारी ती पहिली भारतीय ठरली. अमरनाथच्या शतकानंतर स्त्रियांनी बाकांवरून दागिने दिले होते. येथून हाकेच्या अंतरावर, ऐंशी वर्षांनंतर, शतक स्त्रीचे होते आणि टाळ्या बाकांवरच्यांच्या.

बॉम्बे जिमखाना, ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही तिन्ही मैदाने एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एवढे थोडे अंतर चालावयास मुंबईच्या क्रिकेटला चाळीसांहून अधिक वर्षे लागली, आणि प्रत्येक वेळी त्याला पुढे ढकलले ते बाहेर राहिलेल्यांनी. हजाऱ्यांच्या ३०९ धावा नोंदवहीत कायम राहतील. त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांची संख्या मोजता येईल. ज्यांनी चाळीच्या गॅलरीत, इराण्याच्या दुकानात किंवा दूरच्या गावी रेडिओभोवती उभे राहून ऐकल्या, त्यांची कधीच मोजता यावयाची नाही. ब्रेबॉर्नचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग हाच होता, आणि त्याच्या वाट्याला आसन कधी आले नव्हते.