स्वयंपाकघरांतील बोलकें यंत्र

स्वयंपाक करणाऱ्या बाईचे दोन्ही हात बहुधा कामांत गुंतलेले असतात. एक हात परातींतील पिठांत, दुसरा तव्यावरच्या भाकरीवर; डोळे उतूं पाहणाऱ्या दुधाकडे आणि कान कुकरच्या शिट्टीकडे. अशा वेळीं पुस्तकाचें पान उलटणें किंवा पिठानें भरलेलें बोट मोबाईलवर ठेवणें मोठें गैरसोयीचें होतें. ही अडचण ओळखून अलीकडच्या यंत्रज्ञांनीं एक उपकरण सिद्ध केलें आहे. त्यास स्मार्ट डिस्प्ले असें म्हणतात. आकारानें तें टेबलावर ठेवावयाच्या तसबिरीएवढें असतें. समोर कांचेचा पडदा, आंत बोलण्याचा कर्णा आणि ऐकण्यासाठीं अगदीं बारीक मायक्रोफोन. त्यास नांवानें हांक मारावी, प्रश्न विचारावा, आणि त्यानें उत्तर तोंडीं सांगून पडद्यावरही दाखवावें, अशी ही योजना आहे.

मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून हें यंत्र आतां फारसें नवलाचें राहिलेलें नाहीं. परंतु त्याची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर ती बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापुरासारख्या गांवीं पाहावी. मलकापूर हें नळगंगेच्या कांठचें, कापसाच्या व्यापाराचें गांव. मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ व अकोला यांच्या दरम्यान तें वसलेलें आहे. त्यामुळें पश्चिमेकडचा खानदेश आणि पूर्वेकडचें वऱ्हाड या दोहोंची चव तेथें एका चुलीवर नांदते. कळण्याची भाकरी, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचें भरीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतील रोडगे, वरणांत शिजविलेलीं फळें हे पदार्थ सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून लेकीकडे तोंडीं चालत आले. पुष्कळ घरीं त्यांचें माप कागदावर उतरलेलें नाहीं. आजी गांवीं चुलीपाशीं, सून नोकरीवर आणि नातू पुण्यास खोली करून राहणारा, अशी स्थिति आज अनेक कुटुंबांत आढळते. भूक लागल्यावर तो नातू वरणफळांची कृति कोणास विचारील? आजीस, कीं टेबलावरील यंत्रास? आणि यंत्रास विचारली, तर कोणत्या भाषेंत?

स्वयंपाकघरांत दूरच्या माणसाचा आवाज प्रथम आणला तो रेडिओनें. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें ऑक्टोबर १९२६ मध्यें ‘आंट सॅमी’ नांवाच्या एका काल्पनिक मावशीच्या तोंडून गृहिणींसाठीं भाषणें सुरू केलीं. खात्यानें मजकूर लिहून पाठवावा आणि ठिकठिकाणच्या केंद्रांवर तेथील बाईनें तो वाचावा, अशी पद्धत होती. ऐकतां ऐकतां कृति लिहून घेणाऱ्या बायकांची तारांबळ उडूं लागली, आणि १९२७ मध्यें त्या खात्यास त्या कृतींचें पुस्तकच छापावें लागलें. आपल्याकडे नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें आणि जळगांवचें १९७६ सालीं. रेडिओवर पाककृती ऐकून ती वहींत टिपणारी गृहिणी मराठी घरांसही अपरिचित नाहीं. पण रेडिओ बोलतो, ऐकत नाहीं. हळद केव्हां घालावयाची, हें फोडणीच्या आवाजांत ऐकूं आलें नाहीं, तर निवेदिकेस पुन्हां विचारण्याची सोय नव्हती.

छापील पुस्तकानें ही उणीव पुष्कळ अंशीं भरून काढली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ १९१० च्या सुमारास निघालें. त्यांत एक हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ १९७० सालीं प्रसिद्ध झालें आणि पिढ्यान्‌पिढ्या नव्या संसारांत अगत्यानें दिलें गेलें. पुस्तक पुन्हां पुन्हां सांगण्यास कंटाळत नाहीं. परंतु तें वाचतां आलें पाहिजे, आणि वाचावयास हात व डोळे मोकळे पाहिजेत.

मग यंत्राची पाळी आली. १९६९ सालीं हनीवेल या अमेरिकन कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ नीमन मार्कस या दुकानाच्या सूचिपत्रांत झळकला. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती साठवून ठेवणें हें त्याचें काम. पण त्यास विचारावयाचें तें खटके वरखालीं करून, आणि उत्तर समजून घ्यावयाचें तें दिव्यांच्या उघडझांपीवरून. हें कसब साधावें म्हणून गृहिणीनें दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करावा, अशी योजना होती. असें एकही यंत्र कोणाच्या स्वयंपाकघरांत गेल्याचा पुरावा नाहीं. त्यांत नवल तें काय? भाजी चिरणाऱ्या बाईनें यंत्राची भाषा शिकावी, ही अपेक्षाच उलटी होती.

तिची भाषा यंत्रानें शिकावी, हा सुलटा मार्ग फार सावकाश तयार झाला. १९५२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें बोललेले शून्य ते नऊ हे आंकडे ओळखणारें यंत्र केलें. १९६२ सालीं आय.बी.एम. कंपनीनें सोळा शब्द ओळखणारी पेटी प्रदर्शनांत मांडली. तेथून मनुष्याचें चालू संभाषण समजण्यापर्यंत मजल गांठण्यास अर्धें शतक लागलें. अॅमेझॉन कंपनीचें बोलकें पडदायंत्र अमेरिकेंत २०१७ सालीं निघालें. भारतांत तें यंत्र २०१९ सालीं विक्रीस आलें, आणि त्याच वर्षीं अॅमेझॉनची अॅलेक्सा हिंदी बोलूं लागली. गूगलच्या सहायकास मोबाईलवर मराठी कळूं लागली ती त्यापूर्वीं एक वर्ष, म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्यें.

या यंत्राची रचना थोडक्यांत अशी. तें सदैव एकाच शब्दाची वाट पाहत असतें. तो शब्द म्हणजे त्याचें स्वतःचें नांव. तें कानीं पडतांच त्यापुढचें आपलें बोलणें तें इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांकडे पाठवितें. तेथें ध्वनीचे शब्द होतात, शब्दांवरून हेतूचा तर्क केला जातो आणि उत्तर परत येतें. हें सगळें बहुधा दोन-चार क्षणांत घडतें. अर्थात् वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडलें कीं यंत्राचें पांडित्यही तेथेंच थांबतें. आजीचें तसें नसतें.

त्याचे उपयोग मात्र खोटे नव्हेत. भात, वरण आणि शेंगदाणे अशा तीन गोष्टींच्या तीन वेळा तें एकदम ध्यानांत ठेवतें. कृतीची एक पायरी झाली कीं विचारल्यावर पुढची सांगतें. ज्यांची दृष्टि अधू झाली आहे त्यांना वेळ सांगतें, औषधाची आठवण देतें. सांधे धरलेल्या वृद्धेस उठून फोनपर्यंत जावें न लागतां पुण्याच्या नातवाचें तोंड त्याच पडद्यावर पाहतां येतें. पहिल्यानेंच चूल पेटविणाऱ्या तरुणास कणकेचा गोळा किती सैल असावा हें चित्रांत दिसतें. एवढ्या सोयी हलक्या लेखण्याजोग्या नाहींत.

परंतु मलकापूरच्या चुलीपाशीं या यंत्रास दोन गोष्टी अडतील. पहिली मापाची. यंत्रास मिनिटें कळतात. गृहिणी मात्र शिट्ट्या मोजते. यंत्रास ग्रॅम कळतो. आजी मूठ, चिमूट आणि बोटाचें पेर जाणते. तांदळावर एक पेर पाणी, हें माप अडाणीपणाचें नव्हे. भांडें बदललें, तांदूळ जुना निघाला, तरी हाताच्या सवयीनें तें जुळवून घेतां येतें. वांगें आंतपर्यंत भाजलें कीं नाहीं, हें देठाजवळ दाबून पाहिल्यावर कळतें. रोडगा झाला कीं नाहीं, हें निखाऱ्यांतून काढून हातांत घेतल्यावर कळतें. ही पारख यंत्रास असण्याचें कारण नाहीं, कारण कोणीं ती त्यास सांगितलेलीच नाहीं. जें लोकांनीं लिहिलें, बोलून मुद्रित केलें, तेवढेंच त्याच्या भांडारांत आहे. पंजाबी छोल्यांच्या कृती त्यास हवे तितके प्रकार करून सांगतां येतील. परंतु कळण्याच्या पिठांत ज्वारीबरोबर उडीद किती असावा, यावर मलकापूरच्या दोन शेजारणींचें जें मतभेदाचें ज्ञान आहे, तें त्यास कोठून यावें?

दुसरी अडचण भाषेची, आणि तीच अधिक मोठी. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरांत होते. ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तरीही या पडदायंत्रांशीं व्यवहार करतांना मराठी कुटुंबें बहुधा हिंदीचा किंवा इंग्रजीचा आश्रय घेतात. मराठी समजणारें यंत्र मिळालें, तरी तें पुस्तकी मराठीवर पोसलेलें असतें. वऱ्हाडी बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. डोळा तो डोया, पोळी ती पोयी, वरणफळें तीं वरनफयं. आजीनें काळ्या मसाल्याविषयीं विचारतांना ‘काया मसाला’ म्हटलें, तर यंत्र शरीराचा विचार करूं लागावयाचें. चूक आजीची नव्हे. तिच्या तोंडचा शब्द तिच्या मुलखांत पूर्ण शुद्ध आहे.

येथें १९६९ चा तोच प्रश्न नव्या वेषांत पुढें येतो. तेव्हां बाईनें खटक्यांची भाषा शिकावी असें म्हटलें गेलें; आतां तिनें हिंदी-इंग्रजी बोलावें, निदान आपली बोली सोडावी, असें कोणी न म्हणतां घडून येत आहे. कचेरी, शाळा, बाजार यांतून मराठी शब्द मागें हटत असतां स्वयंपाकघर हें त्यांचें भक्कम ठाणें होतें. परतणें, उकडणें, वाफवणें, खरपूस भाजणें, मंद आंचेवर रटरटूं देणें या प्रत्येक शब्दांत एक वेगळी क्रिया आणि वेगळी वेळ आहे. लहान मूल हे शब्द ऐकून शिकतें तें आईच्या कमरेशीं उभें राहून. तीच आई यंत्राशीं परभाषेंत बोलूं लागली, तर मुलाच्या कानावर कोणते शब्द पडतील, हें सांगावयास नको. शब्द गेला कीं त्यांतली क्रियाही हळूहळू जाते.

यंत्राच्या कानाविषयीं आणखी एक सावधगिरी हवी. स्वयंपाकघरांत केवळ भाजीच शिजत नाहीं. मुलीचें लग्न, कापसाचा भाव, घरचें कर्ज, म्हाताऱ्यांचें दुखणें यांच्या गोष्टीही तेथेंच होतात. अशा यंत्रांनीं टिपलेलीं कांहीं ध्वनिमुद्रणें तपासणीसाठीं माणसें ऐकतात, हें २०१९ सालीं उघडकीस आलें. २०२३ सालीं अमेरिकेंत मुलांच्या आवाजाचीं मुद्रणें गैररीत्या ठेवल्याच्या आरोपावरून अॅमेझॉननें अडीच कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. आपल्या देशांतही २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायद्याआधीं आपला हात. यंत्राचा मायक्रोफोन बंद करण्याचा खटका घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा, काम संपल्यावर तो बंद करावा, आणि जुनीं मुद्रणें पुसण्याची सोय असते तिचा उपयोग करावा. चुलीची धग आणि वाफ यांपासून यंत्र चार हात दूर ठेवावें, हें तर उघडच आहे.

मग या यंत्रास दाराबाहेर ठेवावें काय? तसें करण्याचें कारण नाहीं. त्यास चाकर म्हणून घरांत घ्यावें, गुरु म्हणून नव्हे. वेळ मोजणें, आठवण देणें, चित्र दाखविणें हीं कामें त्यास खुशाल सांगावीं. परंतु जें त्यास ठाऊक नाहीं, तें प्रथम आपण जतन करावें. त्यास फार खर्च नाहीं. मोबाईलवर आवाज मुद्रित करण्याची सोय असते. आजी भरीत करीत असतां तो शेजारीं ठेवावा आणि तिला तिच्या वऱ्हाडींत बोलूं द्यावें. मध्येंच तिची भाषा सुधारूं नये. तिच्या मुठींतील पीठ एकदां तिच्याच देखत काट्यावर ठेवून किती ग्रॅम भरतें तें टिपून घ्यावें. तिची वाटी किती पाण्याची आहे, तें मोजून पाहावें. म्हणजे पुण्याच्या खोलींत नातवास मापही मिळेल आणि ज्या आवाजांत तें सांगितलें तो आवाजही मिळेल. लिहितां न येणाऱ्या बाईची विद्या तिच्याच शब्दांत ठेवण्याची ही सोय मागच्या पिढ्यांतील सामान्य घरांस नव्हती.

यंत्रास आपली भाषा शिकविण्याचे सार्वजनिक मार्गही आतां निघाले आहेत. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमांत कोणाही मराठी मनुष्यास वाक्यें वाचून आपला आवाज देतां येतो. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेला ‘भाषिणी’ हा उपक्रमही भारतीय भाषा यंत्रास कळाव्यात याच हेतूचा आहे. या भांडारांत मुंबई-पुण्याचे आवाज आपोआप जातील. मलकापूर, नांदुरा, खामगांव, जळगांव जामोद इकडचे आवाज मात्र कोणी मुद्दाम दिल्यावांचून जाणार नाहींत. महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींनीं सुटींत घरीं आल्यावर हें काम अंगावर घ्यावें. आणि ज्या घरीं हें यंत्र आलें असेल, तेथें निदान मोबाईलवरील सहायकाशीं तरी आधीं मराठींत बोलून पाहावें. एकदां समजलें नाहीं तर पुन्हां सांगावें. नव्या सुनेस पहिल्या दिवशीं घरची चव कोठें कळते? तिलाही सांगावें लागतें, आणि सांगणारी सासू आपली भाषा सोडून सांगत नाहीं.