हिवाळा, वाचन आणि आपल्या सवयी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत वाचनाविषयी मी चार शब्द सांगावेत अशी केंद्रप्रमुखांची इच्छा आहे. मी विद्वान नव्हे. 1986 पासून तेहतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकविले, एवढीच माझी पात्रता. तेव्हा ग्रंथांची थोरवी वर्णन करण्याचे काम थोरांवर सोपवून, हिवाळ्याच्या दिवसांत शिक्षकाचे व त्याच्या विद्यार्थ्यांचे वाचन कसे सुटते आणि ते कसे टिकविता येते, एवढ्याच विषयावरील माझा अनुभव मी आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. ती आपल्या हातून घडू नये म्हणून सांगणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्या जिल्ह्याचा हिवाळा हिमालयातल्यासारखा नसतो हे खरे. परंतु आपण पठारावर राहतो. छत्रपती संभाजीनगर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे, आणि म्हैसमाळ तर हजार मीटरांच्याही वर आहे. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री लवकर निवते आणि पौषातल्या काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. दिवस अकरा तासांच्या आसपास येतो. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. अशा सकाळी अंगात एकच सदरा घालून आलेले मूल दोन्ही हात काखेत धरून बसते. त्याच्या बोटांना पेन्सिल धरवत नाही. त्यास आपण आळशी म्हणतो; वस्तुतः ते गारठलेले असते.

शेतीचाही हाच भराचा काळ. तूर काढणीस आलेली असते, हरभऱ्यास घाटे धरतात, शाळू हुरड्यात येतो आणि पाखरे राखण्यास घरातली मुले लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊसतोड. दिवाळी संपते न संपते तोच आपल्या जिल्ह्यातील काही गावांतून, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून तर फार मोठ्या संख्येने, कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणे टाळता येत नाही. घरी सांभाळणारे कोणी नसले म्हणजे मुलेही बरोबर जातात, आणि चैत्राच्या सुमारास परततात. म्हणजे ज्या चार-पाच महिन्यांत अक्षरओळख पक्की होऊन वाचनाचा ओघ यावयाचा, नेमके तेच महिने त्या मुलांच्या हातून जातात.

आता माझी हकीगत सांगतो. माझी पहिली नेमणूक कन्नड तालुक्यातील डोंगराच्या पायथ्याच्या एका गावी झाली. घरापासून दूर, भाड्याची एक खोली, विजेचा भरवसा नाही. येताना मी हौसेने तीन पुस्तके बरोबर आणली होती. पावसाळ्यात दोन वाचून झाली. तिसरे थंडी पडल्यावर उशाशी तसेच राहिले. सायंकाळी सहाला अंधार पडे. भाकरी खाऊन मी शालीत शिरे, कंदिलाची वात मोठी करण्याचाही कंटाळा येई, आणि ‘उद्यापासून वाचू’ असे म्हणत मी निजे. असा एक हिवाळा गेला, दुसरा गेला. मी वाचीत नाही ही गोष्ट मला खुपेनाशी झाली. सवय लागण्यास जसे दिवस लागतात तसेच ती सुटण्यासही लागतात, आणि सुटताना ती आवाज करीत नाही.

1987 साली देशभर खडू-फळा योजना सुरू झाली होती. पुढे दोन-तीन वर्षांत आमच्याही शाळेस पुस्तकांची एक पेटी मिळाली. गोष्टींची, प्राण्यांची, थोरांच्या चरित्रांची ती पुस्तके होती. मी त्यांची जडसंग्रह नोंदवहीत, जिला आपण डेडस्टॉक म्हणतो तीत, सुवाच्य नोंद केली आणि पेटीस कुलूप घातले. एखादे पुस्तक हरवले तर चार्ज देताना भरून द्यावे लागेल, ही भीती माझ्या मनात होती. आपल्यापैकी अनेकांस ती ठाऊक आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिसरीतील एक मुलगी शाळेत आली. दुसऱ्या दिवशी तिचे आईबाप तोडीला निघणार होते. ती वर्गात सर्वांत चांगली वाचीत असे. ती म्हणाली, “गुरुजी, पेटीतलं एक पुस्तक संगं नेऊ का? चैतात आणून देते.” मी म्हणालो, “बाळ, ती पुस्तके शाळेबाहेर नेता येत नाहीत.” तिने मान हलविली आणि ती गेली. हट्ट केला नाही. तिने हट्ट केला असता तर कदाचित मी विचार केला असता.

चैत्रात ती परत आली. मी तिला धडा वाचावयास सांगितले. ती जोडाक्षरावर अडखळली, मग साध्या शब्दावरही अडखळली, आणि पुस्तक मिटून खाली पाहत उभी राहिली. पाच महिन्यांत तिच्या डोळ्यांखालून छापील अक्षर गेले नव्हते. त्याच उन्हाळ्यात तपासणीसाठी मी ती पेटी उघडली. तळाशी वाळवी लागली होती. सात पुस्तके मातीमोल झाली होती. मुलीस पुस्तक दिले असते तर फार तर एक हरवले असते.

बंधुभगिनींनो, या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. नियमाची भीती हे एक कारण होते, परंतु ते वरवरचे होते. खरे कारण असे की, त्या काळात माझी स्वतःची वाचनाची भूक मेली होती. ज्याला स्वतःला भूक राहिलेली नाही, त्याला दुसऱ्याची भूक ओळखता येत नाही. मी त्या हिवाळ्यात रोज चार पाने जरी वाचीत असतो, तर ती मुलगी काय मागत आहे हे मला तत्काळ समजले असते. म्हणून मी म्हणतो की शिक्षकाचे वाचन ही त्याची खासगी करमणूक नव्हे. त्याच्या वर्गाचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

मग ही सवय टिकवावी कशी? आपल्या शहरातील पाणचक्की आपण सर्वांनी पाहिली आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर जमिनीखालून आणून त्यावर जाते फिरविले जाई आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. तो काही नदीचा लोंढा नव्हे. ओघ बेताचाच, परंतु त्यास ठरलेली वाट होती आणि तो थांबत नव्हता, म्हणून दगड फिरला. वाचनाचेही तसेच आहे. एका रविवारी अख्खे पुस्तक वाचून मग महिनाभर हात न लावण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी पाच पाने वाचणे अधिक फलदायी. थंडीत तर हे विशेष खरे आहे; कारण गारठ्यात मन नवा निश्चय करू इच्छीत नाही, ते पडलेल्या वाटेनेच चालते.

वेळ आणि जागा यांबरोबर तिसरी गोष्ट लागते, ती सोबत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपण मुलांस नेहमी सांगतो. 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या ग्रंथप्रेमाची वर्णने आपण वाचतो. परंतु चरित्रकारांनी नोंदविलेली एक लहानशी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. पाय पसरण्यास जागा नाही, मग अभ्यासास कोठून असणार? तेव्हा वडील रामजी सुभेदार मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्यास अभ्यासास उठवीत आणि त्याच्या जागी आपण अंग टाकीत. एवढ्या मोठ्या ग्रंथप्रेमाच्या मुळाशी असे कोणी तरी जागत बसलेले होते. आपल्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी, दिवसभराच्या कष्टामुळे, असे जागणारे कोणी असू शकत नाही. ती सोबत त्यांना शाळेतच मिळाली पाहिजे.

आपल्या वाडवडिलांची अडचण याहून निराळी होती. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. उर्दू ही समृद्ध भाषा आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु मराठी घरातल्या मुलाला आपल्या भाषेतले पुस्तक प्रयत्नपूर्वक मिळवून वाचावे लागे. आज पुस्तके शाळेत येऊन पोहोचली आहेत. ती कपाटात राहू देणे हे त्या पिढीशी कृतघ्नपणाचे ठरेल.

पुढच्या हिवाळ्यापासून मी काय केले ते थोडक्यात सांगतो. त्यात नवल असे काही नाही.

पहिली गोष्ट, परिपाठानंतरची वीस मिनिटे मी वर्ग बाहेर, पूर्वेकडच्या भिंतीशी कोवळ्या उन्हात बसवू लागलो. प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक. ज्यास वाचता येत नसे त्याने चित्रे पाहावीत. मीही त्यांच्यातच बसून माझे पुस्तक वाची. हजेरीपत्रक नाही, माहितीचे तक्ते नाहीत, पुस्तकच. मुले आपल्या सांगण्याकडे क्वचित लक्ष देतात, परंतु आपल्या करण्याकडे त्यांचे बारीक लक्ष असते. आठ-पंधरा दिवसांत ती विचारू लागली, “गुरुजी, तुमच्या पुस्तकात पुढं काय झालं?”

दुसरी गोष्ट, शाळा सुटण्यापूर्वी दहा मिनिटे मी एक मोठी गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवी आणि रंगाच्या भरात थांबे. पाखरे राखण्यास बसविलेली मुलेही पुढचा भाग ऐकण्यासाठी येऊ लागली. एक बाप तक्रार करण्यास आला आणि कुंपणापाशी उभा राहून गोष्ट ऐकून गेला.

तिसरी गोष्ट, तोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलास एक पुस्तक. त्यास खताच्या रिकाम्या पिशवीचे वेष्टण घालावे. देवघेव वहीत मुलाने स्वतःच्या हाताने नाव लिहावे. आणि एकच काम सांगावे: रोज रात्री कोपीवर चुलीपाशी बसून आईबापास एक पान वाचून दाखवावे. पहिल्या वर्षी अकरा पुस्तके गेली, आठ परत आली. एकावर उसाच्या रसाचे डाग होते, एकाची शिवण उसवली होती. तिन्हींची किंमत मी भरली. ती फार नव्हती. त्या आठ मुलांपैकी एकही मूल चैत्रात अक्षर विसरून आले नाही.

आपण विचाराल, त्या मुलीचे काय झाले? ती पुढील वर्षी शाळेत आली नाही. घरच्यांनी तिला तान्ह्या भावंडास सांभाळण्यास ठेवले. मी दोनदा घरी गेलो, परंतु उपयोग झाला नाही. तिचा धाकटा भाऊ त्या अकरा मुलांत होता. त्याने नेलेले पुस्तक ती त्यास वाचून दाखवीत असे, असे तो मला म्हणाला. त्यावर समाधान मानावे असे मला आजही वाटत नाही.

पुढे या कामी शासनाचे पाठबळ मिळाले. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक अशा योजना आल्या. त्यांचा आपण पुरेपूर उपयोग करावा. मूल गावी राहू शकत असेल तर ते सर्वांत उत्तम. परंतु जे मूल जाणारच, त्याच्या हमी पत्रकाबरोबर एक पुस्तकही जावे.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. माझ्या काळी शाल आणि झोप हे वाचनाचे शत्रू होते. आता त्यांच्यात मोबाइलची भर पडली आहे. मी त्यास नावे ठेवीत नाही, मीही तो वापरतो. परंतु पांघरुणात मोबाइल घेतला की तासभर कसा जातो हे कळत नाही, आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. म्हणून मी एक साधा नेम केला आहे. रात्री जेवण झाले की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावयाचा आणि उशाशी पुस्तक. पाच पाने झाली की निजावयाचे. कधी दहा होतात, कधी तीनच. नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप करीत बसत नाही, पुस्तक उघडतो.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपले जुने लोक म्हणत. थंडी आपल्या पायाने येते आणि आपल्या पायाने जाते, तिच्यावर आपला इलाज नाही. परंतु ती जाताना मुलांची अक्षरे बरोबर घेऊन जाणार की नाही, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. माझी विनंती एवढीच की, उद्या शाळेत गेल्यावर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधावी, ते उघडावे, आणि त्यातील पहिले पुस्तक स्वतःसाठी काढून घ्यावे.