पैशाचा पत्ता आणि पैशाची किल्ली

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर 'बँकेचे कोड' हा विषय लिहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हिंसाचाराचं सत्र संपलं आणि आता एकदम बँक?" म्हणून आधी एक हकिगत सांगते. बँक हिंसाचारापासून किती लांब आहे ते मग तुम्हीच ठरवा.

आमच्या केंद्रात एक बाई यायच्या. चार घरची धुणीभांडी करायच्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहायच्या. कोर्टानं पोटगी मंजूर केली होती, पण सहा महिने एक पैसा हाती आला नव्हता. तक्रार केली तर नवऱ्यानं कोर्टात कागद ठेवले. दर महिन्याला पैसे भरल्याचे! आणि ते खरेच भरलेले होते. कुठे? लग्नानंतर दोघांच्या नावानं काढलेल्या जुन्या खात्यात. त्या खात्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि खात्याला जोडलेला मोबाईलही त्याचाच. एका हातानं भरायचे, दुसऱ्या हातानं काढायचे. कागदोपत्री पोटगी चोख, बाईची चूल मात्र उसनवारीवर.

आम्ही तिच्या एकटीच्या नावाचं खातं काढलं. पोटगी त्यातच जमा व्हावी असा अर्ज करायचा ठरला. मी म्हटलं, "ताई, खात्याचा नंबर आणि शाखेचा कोड सांगा." तर त्या पासबुक छातीशी धरून म्हणाल्या, "कोड कुणाला द्यायचा नाही, टीव्हीवर सांगतात." बोलता बोलता कळलं की नव्या एटीएमचा पिन त्यांनी चिठ्ठीवर लिहून पुतण्याकडे दिलाय, तो पैसे काढून आणतो म्हणून!

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच. जे द्यायला हवं ते आपण लपवतो आणि जे लपवायला हवं ते विश्वासानं दुसऱ्याच्या हाती देतो. पैशाचा पत्ता वेगळा आणि पैशाची किल्ली वेगळी. घराचा पत्ता पोस्टमनला द्यावाच लागतो. म्हणून कुणी घराची किल्ली पोस्टमनकडे ठेवत नाही.

पत्ता म्हणजे तुमचं नाव, खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी कोड. हा कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची. स्टेट बँकेची एसबीआयएन, बँक ऑफ महाराष्ट्रची एमएएचबी. पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. ते शून्यच आहे, इंग्रजी 'ओ' नव्हे. फॉर्म भरताना सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. शेवटची सहा अक्षरं किंवा आकडे शाखेचे. हा कोड पासबुकाच्या पहिल्या पानावर आणि चेकवर छापलेला असतो. चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड असतो, तो वेगळा. तो चेक वटवण्यासाठी आहे, पैसे पाठवताना तो लिहायचा नाही. छोट्या सहकारी बँका काही वेळा मोठ्या बँकेच्या कोडवर काम करतात. तिथं अंदाज करू नका, काउंटरवर विचारून लिहून घ्या.

आता पैसे जातात कसे ते पाहू. एनईएफटी २००५ साली सुरू झालं आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ते दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतं. दर अर्ध्या तासाला पैशांची एक खेप निघते. पैसे त्या खेपेनंतर दोन तासांत खात्यात जमा व्हायला हवेत, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेनं व्याज द्यायचं असतं. आरटीजीएस मोठ्या रकमांसाठी, दोन लाख किंवा त्याहून जास्त. दोन्हीकडे एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र नाव वाचत नाही, नंबर वाचतं. कोड अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. पण खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि तो नंबर त्याच बँकेत दुसऱ्या कुणाचा असला, तर पैसे सरळ त्याच्या घरी. ते परत मिळवायला त्याची संमती लागते आणि आपल्याला चपला झिजवाव्या लागतात.

म्हणून बचतगटाचे किंवा संस्थेचे पैसे पाठवताना घाई नको. एकीनं नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं पासबुकाशी ताडून पाहायचा. आधी एक रुपया पाठवायचा, पोचल्याचा निरोप आला की मग उरलेली रक्कम. आणखी एक सोय झाली आहे. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे घेणाऱ्याचं नाव आधी दाखवण्याची व्यवस्था करावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेनं दिला होता. ते नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

जुन्या पासबुकांचंही बघा. भारतीय महिला बँक नोव्हेंबर २०१३ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरा बँकेत गेली, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँका युनियन बँकेत. बँक बदलली की शाखेचा कोड बदलतो. आपल्या वस्तीत आजही बायांच्या ट्रंकेत जुन्या नावाची पासबुकं आहेत आणि त्यावरचा कोड पाहून फॉर्म भरले जातात. ती पासबुकं बदलून घ्या.

सरकारी योजनांचा रस्ता मात्र निराळा. लाडकी बहीण किंवा इतर योजनांचे पैसे आधारच्या आधारे येतात. आधार ज्या खात्याशी सगळ्यात शेवटी जोडलं असेल, त्या खात्यात. म्हणून बाई एका बँकेत खेपा घालते आणि पैसे पडून असतात तिसऱ्याच खात्यात, कुणीतरी कधीकाळी अंगठा घेऊन काढून दिलेल्या. आपलं आधार नेमकं कुठं जोडलंय हे बँकेत विचारा. तो आपला हक्क आहे.

आता किल्ली. पिन, ओटीपी, पासवर्ड, एटीएम कार्ड, सिम आणि आपला अंगठा. हो, अंगठासुद्धा! गावातल्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकला की पैसे निघतात. रक्कम किती ते ऐकल्याशिवाय अंगठा ठेवायचा नाही आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. "अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा" म्हणाले तर आधी खात्यात काय झालं ते विचारायचं. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं जो म्हणेल, तो पैसे नेतोय.

कुणी म्हणेल, "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो." वस्तीत हे सर्रास चाललंय. लुबाडलेला पैसा अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस येतात ते खातेदार बाईच्या दारात. पत्ता द्या, घर भाड्यानं देऊ नका.

फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लाजूही नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत अडवता येतात. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांचं सूत्रही हेच होतं: कळवायला जितका उशीर, तितका आपला तोटा. "नवऱ्याला काय सांगू" या भीतीनं बाया दोन दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात सगळं जातं.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपल्या संस्थांच्या कपाटात किती बायांची पासबुकं आहेत? किती जणींच्या खात्याला आपल्या कार्यकर्तीचा मोबाईल जोडलाय? हेतू चांगलाच असतो. सोय म्हणून आपण करतो. पण नवऱ्याच्या खिशातली किल्ली आपल्या कपाटात आली, तर बाईच्या हातात काय आलं? फॉर्म आपण भरू, पण नंबर तिनं वाचायचा. जिला वाचता येत नाही तिला आकडे तरी शिकवू. दहाच तर आहेत.

त्या ताईंचं पुढं काय झालं, ते सांगून थांबते. पुतण्याकडून कार्ड परत आलं, पिन बदलला. खात्याला त्यांचा स्वतःचा साधा बटणांचा फोन जोडला. अर्ज मंजूर झाला आणि एका संध्याकाळी त्या केंद्रात आल्या, फोन पुढं केला. म्हणाल्या, "वाचून दाखवू नका. मी वाचते, चुकलं तर सांगा." आणि रक्कम एकेक आकडा करत त्यांनी वाचली. चुकली नाही.