घरांतला पहिला कॅरम

दिवाळीच्या आधींच्या रविवारीं नगरच्या कापड बाजारांतून एखादें कुटुंब बाहेर पडतें, तेव्हां वडिलांच्या बगलेंत पुष्कळदां एक चौकोनी, कागदांत गुंडाळलेली वस्तु असते. मुलगा तिचें दुसरें टोंक धरून चालत असतो. जणूं कांहीं त्याच्या हाताशिवाय ती घरीं पोंचणारच नाहीं. ती वस्तु म्हणजे कॅरम. पलंग घ्यावयाचा असला म्हणजे चार दुकानें हिंडणारे आणि लांकूड ठोकून पाहणारे गृहस्थ कॅरम मात्र पांच मिनिटांत घेऊन मोकळे होतात. खेळण्याची वस्तु, तिची पारख ती काय करावयाची, अशी त्यामागें समजूत असते. वास्तविक पलंग बोटभर वांकडा असला तरी झोंप येते; कॅरम मात्र केसभर वांकडा असला तरी खेळ बिघडतो.

त्याच दुकानांत कॅरमशेजारीं आणखी एक पाट टांगलेला दिसतो. त्यावर खिळे ठोकलेले असतात आणि एका बाजूस स्प्रिंगचा दांडा असतो. दांडा ओढून सोडला कीं गोळी खिळ्यांतून ठेंचकाळत खालीं येते. या पाटाचें घराणें मोठें आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनीं १८७१ सालीं या खेळांतील सुधारणांचें पेटंट घेतलें. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनीं नाणें टाकून खेळावयाचें यंत्र बाजारांत आणलें, आणि १९४७ सालीं त्यांच्याच कारखान्याच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रांत गोळी परतविणारे पंख आले. पिनबॉल म्हणून जगभर प्रसिद्ध असलेला खेळ तो हाच. परदेशांतील हौशी कुटुंबें असलें शंभर किलोंच्या आसपास वजनाचें यंत्र घरांत घेतात. नगरच्या एखाद्या जुन्या वाड्यांत तें आणावयाचें म्हटलें, तर जिन्यानें वर कसें न्यावें हा पहिला प्रश्न, आणि त्यांतील विद्युच्चुंबक जळाल्यास कोणाकडे न्यावें हा दुसरा. खिळ्यांचा पाट स्वस्त खरा. पण गोळी सुटल्यावर खेळणाऱ्यास पाहत बसण्यापलीकडे काम उरत नाहीं, आणि महिन्याभरांत पाट माळ्यावर जातो. घरांत पहिला खेळ आणावयाचा, तोहि चौघांनीं मिळून खेळावयाचा, तर सामान्य कुटुंबाची नजर कॅरमकडे वळते तें योग्यच आहे.

पण कोणता कॅरम?

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ सालीं चेन्नई येथें स्थापन झाला. त्याच्या नियमांप्रमाणें खेळावयाचा पृष्ठभाग सुमारें ७४ सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असावा लागतो. भोंवतालची चौकट धरली म्हणजे सगळा बोर्ड सुमारें ८८ सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दोन हातांचा होतो. बाजारांत मात्र वीस-सव्वीस इंची बोर्डांची रेलचेल असते. ते स्वस्त पडतात, रिक्षांत मावतात आणि ‘मुलांसाठींच तर घ्यावयाचा’ या एका वाक्यानें त्यांचें समर्थनहि होतें. सावेडीकडील एका कुटुंबानें असाच एक बोर्ड घेतला. दहा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत घरांतील सर्वांना हरवूं लागला. पुढें गणेशोत्सवांत मंडळाचे सामने झाले, त्यांत त्यानें नांव दिलें. तेथें त्याचा स्ट्रायकर अर्ध्या वाटेवर मंदावूं लागला, ठरलेल्या सोंगट्या भोकाच्या तोंडाशीं थांबूं लागल्या, आणि पहिल्याच फेरींत तो बाहेर पडला.

घरीं आल्यावर आजीनें विचारलें, “काय रे बाळ, हरलास?”

“आजी, तिथला बोर्डच मोठा आहे.”

“तिथला मोठा नाहीं रे. आपला लहान आहे.”

त्या मुलानें नंतर कित्येक दिवस कॅरमला हात लावला नाहीं. बोट जें अंतर शिकतें तें सहजीं विसरत नाहीं. लहान बोर्डावर मुरलेला जोर मोठ्या बोर्डावर अपुरा पडतो आणि कोन चुकतात. घरांत जागा असेल तर पहिल्यानेंच पुऱ्या मापाचा बोर्ड घ्यावा. जागा नसेल तर लहान बोर्ड अवश्य घ्यावा, पण तो करमणुकीसाठीं आहे, सामन्यांसाठीं नव्हे, हें मुलास आधींच सांगून ठेवावें. यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. चेन्नईच्या एका ऑटोरिक्षाचालकाची कन्या काझिमा हिनें २०२४ सालीं अमेरिकेंत झालेल्या जागतिक स्पर्धेंत तीन सुवर्णपदकें मिळविलीं. या खेळाला श्रीमंतीचें घर लागत नाहीं. खऱ्या मापाचा बोर्ड मात्र कोठें तरी हाताशीं असावा लागतो. घरीं नसेल तर तो मंडळाच्या खोलींत असतो, तालमींत असतो, एखाद्या वाचनालयाच्या मागच्या दालनांतहि असतो.

मापानंतर लांकूड. येथें नगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ सालापासून सरकारी दप्तरीं ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याचा, एक विशेष ध्यानांत घ्यावा लागतो. हा जिल्हा एका हवेचा नाहीं. पश्चिमेस अकोले तालुक्यांत १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाई शिखर आणि १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण आहे. तेथें आषाढ-श्रावणांत पाऊस दिवसचे दिवस थांबत नाहीं. भिंतींना ओल येते आणि दोरीवरचे कपडे आठवडाभर दमट राहतात. पूर्वेस पाथर्डी-जामखेडकडे पर्जन्यछायेचा मुलूख. तेथें वैशाखांत दाराच्या फळ्यांना फटी पडतात. कॅरमचा पृष्ठभाग प्लायवुडचा असतो, म्हणजे लांकडाचे पातळ पापुद्रे एकाचे तंतु उभे, दुसऱ्याचे आडवे, असे एकावर एक चिकटविलेले असतात. आडव्या-उभ्या तंतूंच्या या ओढाताणीमुळेंच तो सरळ राहतो. परंतु वरची बाजू कोरडी आणि खालची ओलसर अशी स्थिति बरेच दिवस राहिली, तर एक बाजू फुगते, दुसरी आकसते आणि बोर्डास पोंक येतो. पत्रा जितका पातळ तितका हा धोका अधिक. नियमानें तो आठ मिलीमीटरांहून कमी जाड असूं नये. स्वस्त बोर्ड याच्या निम्म्या जाडीचे असतात, आणि दुकानदार ती जाडी सहसा बोलून दाखवीत नाहीं. बोर्ड उलटा करून पाहावा. खालीं आडव्या-उभ्या पट्ट्यांचा भक्कम सांगाडा असला तर बोर्डास आधार आहे असें समजावें. नुसताच रंगविलेला कागद चिकटविलेला असला, तर अकोल्याच्या एका पावसाळ्यांत त्याची परीक्षा होईल.

चौकटीसाठीं उत्तरेकडील कारखानदार ज्या लांकडास ‘कीकर’ म्हणतात, तें दुसरें तिसरें कांहीं नसून नगरच्या शेतांच्या बांधांवर उभी असलेली बाभूळ आहे. बैलगाडीचीं चाकें आणि शेतीचीं औतें पिढ्यान् पिढ्या याच लांकडाचीं होत आलीं. चौकट जड आणि टणक असली तरच स्ट्रायकर तिच्यावर आपटून जोमानें परततो. चौकट हलक्या, मऊ लांकडाची असली तर आघाताचा जोर तीच गिळून टाकते. शिसवीची चौकट उत्तम, बाभळीची तिच्या खालोखाल. आणि किंमत पाहतां बाभूळच शहाणपणाची. नुसता रंग पाहून मात्र लांकूड ओळखूं नये, कारण काळपट पॉलिशाखालीं कसलेंहि लांकूड शिसवीसारखें दिसतें. बोर्डाची एक बाजू उचलून पाहावी. पुऱ्या मापाचा बोर्ड उचलतांना हातास ओझें जाणवलें नाहीं, तर चौकट हलकी आहे.

आतां दुकानांतच करावयाच्या परीक्षा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत शिवणकामाचा दोरा ताणून धरावा आणि दोऱ्याखालीं उजेड दिसतो कीं काय तें डोळा लावून पाहावें. मग दुसऱ्या कर्णावर तसेंच करावें. चौकट आणि पृष्ठभाग जेथें मिळतात त्या रेषेवरून नख फिरवावें. नख अडकलें तर तेथें फट आहे, आणि चौकटीला चिकटलेली सोंगटी नेमकी तेथेंच दगा देते. बोटाच्या पेरानें पृष्ठभाग ठिकठिकाणीं ठोकावा. आवाज सगळीकडे सारखा यावा. शेवटची कसोटी नियमांतच सांगितली आहे: पंधरा ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोरानें मारला असतां त्यानें बोर्डावर समोरासमोर साडेतीन वेळां तरी धांव घ्यावी. ही कसोटी गिऱ्हाइकानें मागितली म्हणजे पुष्कळ दुकानदारांना पावडर सांपडत नाहीं. अशा वेळीं दुकान बदलावें.

सोंगट्यांकडे तर कोणी पाहतच नाहीं. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी, अशा एकोणीस. प्रत्येकीचें वजन पांच ते साडेपांच ग्रॅम असावें, म्हणजे सगळ्या मिळून ९५ ते १०४ ग्रॅमांच्या आसपास भराव्यात. सराफाच्या ओळखीचा येथें चांगला उपयोग होतो. त्याच्या काट्यावर एकोणीस सोंगट्या टाकावयास एक मिनिट लागत नाहीं, आणि सराफालाहि सोन्याखेरीज कांहीं तोलल्याची गंमत वाटते. काटा नसेल तर सोंगट्यांची एक चवड रचावी. चवड कलली तर जाडी सारखी नाहीं. स्ट्रायकरचा व्यास नियमानें ४.१३ सेंटिमीटरांहून अधिक असूं नये, आणि कोपऱ्यांतील भोंक ४.४५ सेंटिमीटरांचें असतें. दोहोंमध्यें उरतें तें अंतर सुमारें तीन मिलीमीटरांचें. आपला स्ट्रायकर सोंगटीमागोमाग भोकांत जाऊन दंड होतो तेव्हां मुलें दैवाला दोष देतात. पण ही जागाच इतकी बेताची ठेवलेली आहे कीं आंत जाण्यास बहुधा जोराचा अतिरेकच कारण होतो. भोकें याहून मोठीं कोरलेला बोर्ड आरंभीं फार गोड वाटतो. सोंगट्या पटापट पडतात, पाहुणे वाहवा करतात, आणि हात मात्र बिघडत जातो.

बोर्ड घरीं आल्यावर तो कोठें मांडावयाचा, याचा विचार खरें पाहतां तो घेण्याआधींच व्हावयास हवा. चौघांना बसावयास आणि कोपर मागें घ्यावयास धरून सुमारें दोन मीटर लांब-रुंद जागा मोकळी लागते. नियमांत बोर्डाची उंची जमिनीपासून ६३ ते ७० सेंटिमीटर सांगितली आहे, म्हणजे खुर्चीवर बसून खेळण्याजोगी. पुष्कळ घरांत बोर्ड जमिनीवर, फार तर चार विटांवर ठेवतात. मुलांना तें सोईचें असतें. पण गुडघे धरलेली आजी आणि ओणवें होतां न येणारे आजोबा त्या क्षणींच खेळांतून बाद होतात, आणि मांडी घालून पुरुषांच्या पंगतींत बसावयास संकोचणारी सूनहि बाजूस राहते. स्टँडसाठीं चार पैसे अधिक पडले तरी ते घालावेत. घरांतील सर्व वयांचीं माणसें ज्यांत एका पातळीवर येतात असे खेळ थोडेच आहेत. बुद्धिबळांत एक जण जिंकतो आणि बाकीचे कंटाळतात. पत्त्यांत लहान मुलांना कोणी घेत नाहीं. कॅरमवर सत्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांची नात भागीदार होऊन घरांतल्या कर्त्यांना हरवूं शकतात, कारण तेथें बळ लागत नाहीं, बोटाची जाणीव लागते. मात्र त्यासाठीं नातीलाहि तिची पाळी मिळावयास हवी. ‘भावाचा डाव संपूं दे’ म्हणून तिला ताटकळत ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे.

बोर्डाच्या बरोबर वर, डोळ्यांवर उजेड येणार नाहीं असा झांकणाचा दिवा असावा. खिडकीचा उजेड एका बाजूनें आला कीं सोंगटीची सांवली तिच्या कडेसारखी भासते आणि नेम चुकतो. पंखा मात्र मंदच ठेवावा, नाहींतर बोर्डावरची सगळी पावडर आजोबांच्या चहांत जाते. ही चेष्टा नव्हे. बोरिक पावडर पोटांत गेल्यास अपायकारक असते, आणि रांगतें मूल घरांत असेल तर डबी फडताळाच्या वरच्या खणांतच असावी. खेळून झाल्यावर बोर्ड कोरड्या फडक्यानें पुसावा. ओलें फडकें किंवा तेल कधींहि लावूं नये.

नवा बोर्ड परवडत नसेल त्यानें जुना पाहावा, आणि परवडत असेल त्यानेंहि एकदां पाहावा. मंडळें आणि क्लब नवे बोर्ड घेतात तेव्हां जुने काढून टाकतात. दहा-बारा उन्हाळे-पावसाळे खाऊन जो बोर्ड अजून सरळ आहे, त्याचें लांकूड जें कांहीं वांकावयाचें तें वांकून चुकलेलें असतें. त्याच्या रेषा पुसट झालेल्या असतील, राणीचें वर्तुळ झिजलेलें असेल. पण दोऱ्याच्या परीक्षेस तो उतरला तर नव्या स्वस्त बोर्डापेक्षां तो केव्हांहि बरा. चौकट खिळखिळी झाली असली तर नगरचा कोणताहि जाणता सुतार ती बाभळीची नवी करून देईल. पृष्ठभागच वांकला असला तर मात्र मोहांत पडूं नये. तो वजनें ठेवून सरळ करण्याचे प्रयोग घरोघर होतात आणि ते सहसा साधत नाहींत.

राहतां राहिली ठेवण्याची गोष्ट. खेळ संपला कीं बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवण्याची संवय सर्वत्र आहे, आणि बहुतेक बोर्ड खेळून नव्हे तर असे टेकून वांकतात. तो पलंगाखालीं सपाट ठेवावा, किंवा चौकटीस दोन कड्या बसवून आंतल्या भिंतीवर सरळ टांगावा. अकोले-राजूरकडील घरांत पावसाची झड ज्या भिंतीवर बसते ती भिंत टाळावी आणि बोर्डास जुन्या चादरीची गवसणी शिवावी. नगर शहरांत ओलीचा प्रश्न कमी. तेथें पथ्य एकच, वैशाखांत तो गच्चीवर राहूं देऊं नये. सुटीच्या दिवसांत मुलें रात्रीं गच्चीवर खेळतात, झोंपेंत बोर्ड तेथेंच राहतो, आणि सकाळीं नऊ-दहाच्या उन्हांतच तो तापूं लागतो. तेव्हां रात्रीं शेवटची सोंगटी पडली कीं बोर्ड खालीं आणण्याचें काम, जो हरला त्याच्याकडे.