उत्तरही कळेल अशा भाषेत हवे!

(बेळगावातील नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही सीमेच्या नकाशाविषयी बोलणार नाही. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. परंतु घरपट्टीची नोटीस त्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. ती उंबरठ्यावर येऊन पडते आणि तिच्यातील मुदत चालू होते.

आमच्याच गल्लीतील एका वृद्ध आजींकडे अशी नोटीस आली. आजींना मराठी वाचता येते, कन्नड येत नाही. शेजारच्या आठवीतल्या मुलाला बोलावण्यात आले. त्याने रकमेचा आकडा बरोबर वाचला. खालचा बारीक अक्षरांतील परिच्छेद त्याला नीटसा उमगला नाही, म्हणून त्याने तो सोडून दिला. हरकत घेण्याची मुदत नेमकी त्याच परिच्छेदात होती. ती उलटून गेल्यावर प्रकार आमच्या ध्यानी आला. यात मुलाचा दोष नाही, आजींचा नाही, आणि ठरलेला छापील नमुना धाडणाऱ्या कारकुनाचाही नाही. ज्याच्याकडून कर घ्यायचा त्याला तो कशाचा हे समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नसावी, हा दोष व्यवस्थेचा आहे. आठ इयत्ता शिकलेल्या पोराच्या खांद्यावर नगराचा कारभार किती दिवस वाहून न्यायचा?

आपली मागणी दोन गोष्टींची आहे. लिहिलेल्या कागदाचे भाषांतर ही एक, आणि तोंडी व्यवहारासाठी दुभाषी ही दुसरी. दुभाष्याची गरज पडणे यात कमीपणा मुळीच नाही. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी त्याच्यासोबत होता. दोन पक्षांत बोलणे नीट व्हावे म्हणून मध्ये जाणता माणूस ठेवणे ही राज्यकारभाराची जुनी रीत आहे. फौजदारी न्यायालयातही आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. मग ज्या खिडकीवर जन्माचा दाखला मिळतो, तिथेच ही रीत परकी का व्हावी?

कायदा आपल्याला काय देतो, तेही पाहू. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदान्वये आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु हा अनुच्छेद बारकाईने वाचा. अर्ज आपल्या भाषेत करता येईल असे तो सांगतो; उत्तर त्याच भाषेत मिळेल असे सांगत नाही. बोलण्याचा हक्क मिळाला, ऐकून समजण्याचा राहिला! ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९५६ साली केंद्र शासनाच्या निवेदनात असे ठरले की, ज्या जिल्ह्यात, नगरपालिकेत वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब हा अनुच्छेद आला व भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. मात्र १९५६ चे ते निवेदन म्हणजे एक वचन होय. त्यामागे शिक्षेची तरतूद नाही. म्हणूनच ते पुनःपुन्हा मागावे लागते.

ही मागणी अशक्यप्राय आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने न्यूयॉर्ककडे पाहावे. त्या नगराने २००८ साली महापौरांच्या आदेशाने आणि पुढे २०१७ च्या तिसाव्या स्थानिक कायद्याने, नगरशासनाच्या लोकांशी थेट संबंध येणाऱ्या खात्यांवर ही जबाबदारी टाकली. महत्त्वाचे कागद दहा भाषांत हवेत, दूरध्वनीवरून दुभाषी मिळावा, आणि प्रत्येक खात्यात या कामासाठी एक अधिकारी नेमलेला असावा. त्या दहा भाषांत बंगाली आहे, उर्दूही आहे. ढाक्याहून गेलेल्या माणसाला हडसन नदीच्या काठी जे मिळते, ते पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहिलेल्याने आपल्या नगराकडे मागावे, यात अवाजवी ते काय?

आता मागावे कसे? नुसत्या घोषणांनी कागदाचे भाषांतर होत नाही. अर्ज मराठीत करा, नगर आयुक्तांच्या नावे करा, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. ‘सर्व काही मराठीत द्या’ असे मोघम लिहू नका. घरपट्टी व पाणीपट्टीची मागणीपत्रे, जन्ममृत्यूच्या नोंदीचे नमुने, बांधकाम परवान्याचा अर्ज, साथीच्या रोगांच्या व लसीकरणाच्या सूचना, अशी नावे घालून यादी द्या. कन्नड मजकूर काढून टाका असे आपण म्हणत नाही. त्याच्याच शेजारी मराठी मजकूर छापा, एवढेच म्हणतो. दुभाषी रोज देणे जड जात असेल, तर आठवड्यातील वार व वेळ ठरवून द्यावी. आपल्या नगरसेवकाला सभागृहात ठराव मांडण्यास सांगा, आणि अर्जाची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे धाडा.

खर्चाची सबब पुढे येईल. परंतु छापील नमुना एकदाच भाषांतरित करावा लागतो; पुढे वर्षानुवर्षे त्यात नाव आणि आकडा तेवढा बदलतो. आता यंत्रेही भाषांतर करू लागली आहेत. केंद्र शासनाची ‘भाषिणी’ २०२२ पासून त्याच कामासाठी आहे. यंत्राने कच्चा मसुदा खुशाल करावा, पण तो जाणत्या माणसाने तपासावा आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. मुदतीच्या एका शब्दात चूक झाली तर दंड यंत्र भरत नाही, आजी भरतात.

शेवटी एक गोष्ट स्वतःलाच बजावून सांगितली पाहिजे. जे आम्ही येथे मागतो, तेच जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषिकाला तेथील कचेरीत मिळाले पाहिजे, आणि आपल्याच शहरातील उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यालाही. स्वतःपुरता मागितला तो हट्ट. सर्वांसाठी मागितला तोच न्याय.

तेव्हा घरी गेल्यावर कपाटातील नोटिसा बाहेर काढा. ज्यातील एकही ओळ कळली नाही, तो कागद सर्वांत वर ठेवा. आपला पहिला अर्ज त्याच कागदासाठी असू द्या.