फोटोखालचे नाव

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करणारे. सही नसलेले व्हाउचर आमच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. वर्तमानपत्रांतले फोटो मात्र वर्षानुवर्षे बिनसहीचेच छापले गेले. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांचा निरोप ही चित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो. ती काढली कोणी, असे विचारले तर किती हात वर होतील?

त्यांतली कित्येक काढणाऱ्या होमाई व्यारावाला आपल्या बडोद्यातच राहत होत्या. जन्म १९१३ चा, नवसारीचा. नवसारी तेव्हा सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानातच होती. शिक्षण मुंबईला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा हाती दिला माणेकशा व्यारावाला यांनी. पुढे त्यांच्याशीच लग्न झाले. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने एका फोटोला एक रुपया दिला, ती पहिली कमाई. सुरुवातीचे फोटो तर पतीच्या नावाने छापून येत. बाई फोटो काढते, हे तेव्हा कोणाला पटणार?

१९४२ साली दोघे दिल्लीला गेले. साडी नेसून, सायकलवर अवजड कॅमेरा घेऊन बाई कामावर जात. फाळणीला मान्यता देणाऱ्या जून १९४७ च्या काँग्रेस बैठकीत वर झालेले हात त्यांनी टिपले. १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर झेंडा फडकला, तेव्हा त्या तेथे होत्या. 'फोटो काढण्यास सक्त मनाई' या पाटीशेजारी उभे असलेले पंडित नेहरूही त्यांच्याच कॅमेऱ्यातले.

आज मोबाइलवर शंभर फोटो काढून नव्याण्णव पुसता येतात. तेव्हा प्रत्येक फिल्म मोजून वापरावी लागे. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे, पुन्हा नवा लावायचा. त्यामुळे क्षण ओळखून, मगच बटण दाबायचे. त्या पिढीने वागण्याचीही शिस्त पाळली. नीटनेटका पोशाख, धक्काबुक्की नाही, समोरच्याची अप्रतिष्ठा होईल असा फोटो नाही. ही शिस्त मोडताना पाहून बाईंनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला, तो पुन्हा हाती घेतला नाही. पुढे बडोद्यात, मुलगा गेल्यावर एकट्याने, घरची सगळी कामे स्वतः करत त्या राहिल्या. २००६ साली सबीना गडीहोक यांचे त्यांच्यावरचे पुस्तक आले, २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यातच त्या गेल्या. संग्रह त्यांनी दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, म्हणून तो टिकला.

दिल्लीचेच दुसरे छायाचित्रकार कुलवंत रॉय. ते १९८४ साली वारले. त्यांच्या फोटोंच्या पेट्या पुढे वीसेक वर्षे बंदच राहिल्या. आदित्य आर्य यांनी त्या उघडल्या, तेव्हा कुठे लोकांना त्या कामाची ओळख पटली. पेटी उघडणारे माणूस प्रत्येकाच्या नशिबी असतेच असे नाही.

मंडळी, हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या पिढ्या येथे गेल्या. आपले गणेशोत्सव, नाटके, सभा, निवडणुका यांचे फोटो गावातल्याच छायाचित्रकारांनी काढले. आज ते घरोघरी कपाटात आहेत, पण मागे ना साल, ना स्थळ, ना काढणाऱ्याचे नाव. उद्या कोणी विचारले, तुम्ही येथले कधीपासूनचे, तर नावासालाचा फोटो हा पुरावा ठरतो. कोरा फोटो मुका राहतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. मंडळाच्या अंकात आणि स्मरणिकेत छायाचित्रकाराच्या नावाशिवाय एकही फोटो छापू नये. प्रत्येक घराने जुने अल्बम ज्येष्ठांसमोर उघडावेत आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, माहिती लिहावी. शाईचा पेन नको, डाग पुढे उतरतो. आणि मंडळाने या फोटोंच्या प्रती काढून एक नोंदवही ठेवावी. वही लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने करू, ते आमच्या रोजच्या सवयीचेच आहे.

नावे सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसली आहेत. त्यांना विचारायला उद्याची वाट पाहू नये, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.