टक्के कशाचे?

ईद असो की दिवाळी, कापडदुकानाच्या काचेवर एक पाटी हमखास लागते : '५० टक्के + २० टक्के सूट'. अधिकचं चिन्ह शाळेपासून ओळखीचं, त्यामुळे आपण मनातल्या मनात ७० म्हणून मोकळे होतो. पण हजार रुपयांच्या कुर्त्यावर पहिली सूट मिळते ५०० रुपये. उरले ५००. दुसरी सूट या उरलेल्या पाचशेवर, म्हणजे १०० रुपये. कुर्ता पडला ४०० रुपयांना आणि सूट झाली ६० टक्के. तीनशेचा हिशेब मांडून आलेल्या बाईला गल्ल्यापाशी शंभर रुपये कमी पडतात, आणि धाकटीसाठी उचललेल्या बांगड्या मुकाट्यानं परत ठेवल्या जातात. हे मी पाहिलं आहे. दुकानदार खोटं बोललेला नसतो, म्हणून भांडायचीही सोय नाही.

जुनी माणसं टक्का म्हणत नसत, शेकडा म्हणत. त्या शब्दात शंभर ऐकू यायचे आणि 'कुठल्या शंभरातले?' हा प्रश्न आपसूक पडायचा. आमच्या घरी जकात शेकडा अडीच, म्हणजे चाळिसावा हिस्सा. निरक्षर आजीचाही त्यात पैसा चुकत नसे. ती आधी शिल्लक मोजायची, मग हिस्सा काढायची. आता टक्का आधी दिसतो, रक्कम मागाहून कळते.

साबणाच्या पुड्यावर '२५ टक्के जादा' असतं तेव्हाही हेच. ४० रुपयांत १०० ग्रॅमऐवजी १२५ ग्रॅम मिळाले, तर शंभर ग्रॅम पडले ३२ रुपयांना. ही सूट २० टक्क्यांचीच. खरोखर २५ टक्के सूट असती तर ३० रुपये पडले असते. अमेरिकेत अक्षय राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले; ते २०१२मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये छापून आले. ३३ टक्के सूट आणि ५० टक्के जादा माल यांत ग्राहकाचा फायदा जवळजवळ सारखाच. तरी लोकांचा ओढा जादा मालाकडे. मोठा आकडा सगळीकडेच गोड लागतो म्हणायचा!

राहिलं 'दोनवर एक फुकट'. हिशेबानं ही सूट ३३ टक्के. पण ती तीन शर्ट हवे असलेल्या माणसाला. ज्याला एकच हवा होता, त्याचा खर्च दुप्पट झाला.